एकाच गाडीच्या मुली : खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या अंतर्गत क्रीडास्पर्धांचं प्रकरण

आमच्या पदवी कॉलेजात दरवर्षी जिमखान्याच्या अंतर्गत स्पर्धा होतात. मुलांचं क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी दणक्यात होतं. मुलींसाठी खो-खो, थ्रोबॉल आणि कबड्डी कागदावर असायची. वर्गवार नावं यायची, फलकावर ड्रॉ लागायचा आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर चार-पाचजणी उभ्या असायच्या. नऊजणींचा संघ कुठून उभा राहणार? समोरच्या संघाला वॉकओव्हर मिळायचा, पुढच्या फेरीत त्याच संघाच्या मुली गायब व्हायच्या. वार्षिक अहवालात मग ठरलेलं वाक्य यायचं : ‘विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प’.

मी या कॉलेजात शिकवते आणि जिमखाना समितीवर आहे. कॉलेजचं नाव देत नाही. तालुक्यात कॉलेजं थोडी आहेत आणि हे प्रकरण कुणा एकाला बोल लावण्यासाठी लिहिलेलं नाही. त्या ‘अल्प प्रतिसादा’च्या मुळाशी काय होतं, ते शोधल्यावर काय केलं आणि कुठे अडलं, ते सांगायचं आहे.

मुली येतात कुठून

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीचा डोंगरी भाग. मलप्रभा तिथेच उगम पावते आणि पाऊस असा कोसळतो की चार महिने छत्री वाळत नाही. तिकडची गावं मराठी. पूर्वेला बिडी, पारिश्वाड, कक्केरीकडे गेलं की मुलूख सपाट होतो आणि कानावर कन्नड येऊ लागते. दक्षिणेला नंदगड, गुंजी, लोंढा. या सगळ्या दिशांनी मुली रोज एसटीने येतात, लोंढ्याकडच्या काही रेल्वेने.

11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि राज्याच्या साध्या गाड्यांतून बायका-मुलींचा प्रवास मोफत झाला. घरातून पाससाठी पैसे मागायचा प्रश्न मिटला, ही फार मोठी गोष्ट. तिकीट सुटलं, गाडीची वेळ मात्र तीच राहिली. दुपारी अडीचला एक झुबका सुटतो, सव्वातीनला दुसरा. त्या चुकल्या की साडेपाचची वाट बघायची. साडेपाचच्या गाडीने जंगलपट्टीतल्या मुलीला फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो. फाट्यापासून वाडीपर्यंत चालायचं, आणि या भागात अस्वलाची धास्ती ही शहरातल्या माणसाला वाटते तशी गंमतीची गोष्ट नाही. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे.

आता स्पर्धांची वेळ बघा. तास दोनला संपत, मैदान आखून, जाळी बांधून पहिला सामना तीनला. म्हणजे अडीचची गाडी सोडली तरच खेळता येणार आणि सव्वातीनची पकडायची तर पहिल्या डावातच उठून जावं लागणार. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम मुलींना वगळायला केलं नव्हतं. गावात राहणाऱ्या आणि मोटारसायकल असलेल्या मुलांच्या सोयीने ते कधीतरी पडलं आणि तसंच चालू राहिलं.

लेडीज रूममधली विचारपूस

आधी सूचना निघाली होती की प्रत्येक वर्गप्रतिनिधीने खेळणाऱ्या मुलींची यादी द्यावी. यादी आली, ती नेहमीसारखीच पोकळ. मग मी आणि अर्थशास्त्राच्या मॅडम मधल्या सुट्टीत लेडीज रूममध्ये जाऊन बसायला लागलो. कागद-पेन काढलं नाही. डबे उघडलेले असताना मुली बोलतात.

‘खेळतो की मॅडम आम्ही. पण गाडी कोण धरणार?’ बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली. ती जांबोटीकडची. शाळेत असताना तालुक्याला खो-खो खेळून आलेली. कॉलेजात आल्यापासून मैदानात पाय ठेवला नव्हता. तिच्या शेजारची बिडीकडची. तिने कन्नड-मराठी मिसळून तेच सांगितलं. गाडीचं कारण जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी होतं, म्हणून ते पहिलं.

बाकीची कारणं हळूहळू आली. कपडे बदलायला जागा नाही. ट्रॅक पँट घरून घालून आलं तर गाडीत सगळे बघतात, इथे बदलायची तर बाथरूमच्या दाराला कडी नाही. पाळीच्या दिवसांत सामना आला तर सरांना काय सांगायचं? मैदानाभोवती मुलं उभी राहतात याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. मोबाइलवर शूटिंग करून स्टेटसला टाकतात, याचं मात्र सगळ्यांनाच वाटत होतं. एकीच्या चुलतभावाने असं एक शूटिंग घरात दाखवलं होतं आणि तिचं खेळणं तिथेच थांबलं. भातकापणीच्या सुगीत, दिवाळीच्या आगेमागे, काहीजणी कॉलेजलाच येत नाहीत, हेही पुढे आलं. स्पर्धा मात्र नेमक्या तेव्हाच ठेवलेल्या, कारण पाऊस तोवर मैदान देत नाही.

एक गोष्ट आम्हाला आधी सुचलीच नव्हती. लांबच्या मुली जशा सर्वांत आधी जातात, तशा सर्वांत आधी येतातही. पहिला तास नऊचा, त्यांची गाडी आठला सोडते. रोजचा तासभर त्या व्हरांड्यात बसून काढतात. एवढा सलग मोकळा वेळ कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तास हलवायचे की नाही

समितीत प्रस्ताव ठेवला : बुधवारचे शेवटचे दोन तास, बारा ते दोन, सगळ्या वर्गांना स्पर्धांसाठी मोकळे ठेवायचे आणि ते तास शनिवारी भरून काढायचे. विरोध झाला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, हजेरीचा हिशेब आहे, विज्ञानाची प्रॅक्टिकल्स दुपारीच असतात. पण एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जे म्हटलं त्यावर मला थांबून उत्तर द्यावंसं वाटलं. ते म्हणाले, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असत्या तर गोष्ट वेगळी, कॉलेजातल्या कॉलेजात खेळायच्या करमणुकीसाठी वेळापत्रक कशाला हलवायचं?

आमचं कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत एका खेळाला बारा-पंधरा मुली जातात. बाकीच्या शेकडो मुलींसाठी कॉलेजचं मैदान हेच पहिलं आणि शेवटचं मैदान. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात 52 किलो गटात कांस्यपदक आणलं तेव्हा सगळ्या बेळगावला अभिमान वाटला, मलाही वाटला. ती बेळगावातल्या सरकारी क्रीडा खात्याच्या केंद्रात ज्युदो शिकून तयार झाली. पण केंद्राच्या दारापर्यंत हुनर दिसलेली मुलगीच पोचते. जिच्यात पदक नाही, तिला घाम गाळायचा, धावायचा, हरायचा हक्क नाही का?

अमेरिकेत मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांनी 1913 मध्येच अंतर्गत खेळांसाठी स्वतंत्र विभाग काढले. पुढे 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याखालच्या नियमांत मुलींना समान संधी आहे की नाही हे तपासताना कॉलेजअंतर्गत खेळही धरले गेले. त्या नियमांतली तपासणीची यादी मी समितीपुढे वाचून दाखवली : साहित्य, शिकवणारा माणूस, सामने आणि सरावाच्या वेळा, कपडे बदलण्याच्या खोल्या. आमच्या मुलींनी डबा खाताना सांगितलेल्या गोष्टी तिथे सरकारी भाषेत लिहिलेल्या होत्या. आपल्याकडे तो कायदा लागू नाही. पण वेळ आणि खोली या किरकोळ बाबी नाहीत एवढं त्यातून ठरलं. प्राचार्यांनी एका सत्रापुरती परवानगी दिली, विज्ञान शाखा वगळून.

गाडीवार संघ

संघ वर्गवारच करायचे असते तर सराव पुन्हा अडला असता. एका वर्गात अडीचच्या, सव्वातीनच्या आणि गावातल्या अशा तिन्ही प्रकारच्या मुली असतात, त्या एकत्र जमणार कधी? तेव्हा शारीरिक शिक्षण निर्देशकांनी सुचवलं की संघ मार्गावर करू : जांबोटी मार्ग, बिडी मार्ग, नंदगड मार्ग. एकत्र येतात, एकत्र जातात, सराव एकत्र होईल. कल्पना चांगली होती. सीमाभागात तिच्यात एक धोका होता आणि तो मॅडमनी लगेच हेरला. जांबोटीचा संघ सगळा मराठी, बिडीचा सगळा कन्नड. एक चुकीचा निर्णय, एक आरोळी, आणि खो-खोचा सामना भलत्याच वादाचा होऊन बसला असता. मुलींच्या मनात तसं काही नव्हतं. मैदानाभोवती उभ्या राहणाऱ्यांचा भरवसा कोण देणार?

उपाय त्यातूनच निघाला. दिशेऐवजी वेळ धरायची. अडीचला जांबोटीकडेही गाडी सुटते आणि बिडीकडेही. सव्वातीनला नंदगडकडे सुटते, पारिश्वाडकडेही. मग अडीचच्या गाडीचे दोन संघ, सव्वातीनच्या गाडीचे दोन आणि चालत येणाऱ्या, हॉस्टेलच्या, रेल्वेच्या मिळून दोन. प्रत्येक संघात दोन्ही भाषांच्या मुली आपोआप आल्या. अडीचवाल्यांचा सराव सकाळी आठ ते पावणेनऊ, व्हरांड्यातल्या त्या रिकाम्या तासात. सव्वातीनवाल्यांचा दोन ते पावणेतीन. गावातल्यांना दुपारी कधीही. गाडी थांबवा म्हणून अर्ज करत बसण्यापेक्षा खेळच गाडीत बसवला.

खो-खोला नऊजणी मैदानात लागतात आणि बदली खेळाडू धरून बाराजणींचा संघ. तेवढ्या मुली सुरुवातीला भरेनात. नेमकं त्याच सुमारास, जानेवारी 2025 मध्ये, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात कर्नाटकाची चैत्रा होती, म्हणून बिडीकडच्या मुलींनाही तो आपला वाटला. ते सामने सात-सातजणींच्या झटपट प्रकाराचे. मुली मोबाइलवर बघून आल्या आणि म्हणाल्या, आपणही तसंच खेळू. सहाजणी बसणार, एक धावणार, सात मिनिटांचे चार डाव. चाळीस मिनिटांत सामना आटोपतो. मुलींच्या कबड्डीला पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, तोही तेवढ्याच वेळात बसतो. म्हणजे बारा ते दोनमध्ये दोन सामने सुटसुटीत होतात आणि अडीचच्या गाडीला अर्धा तास हातात राहतो. पहिला सामना नेहमी अडीचवाल्यांचा, म्हणजे उशीर झालाच तर तो लांबच्या मुलींच्या वाट्याला येत नाही.

कबड्डीचं मैदान आखायला शिपायांनी मुलांच्या 13 बाय 10 मीटरच्या खुणाच धरल्या होत्या. मुलींचं मैदान 12 बाय 8. चढाई करणाऱ्या मुलीला एवढा फरक पायाला कळतो. ते पुसून पुन्हा आखलं.

कपडे बदलायला एनसीसीच्या सामानाची खोली रिकामी करून दिली. आतून कडी, खिडकीला पडदा, भिंतीवर आरसा. ओढणी खेळताना चालणार नाही, हा एकच सक्तीचा नियम. खांबाला धरून वळताना किंवा सूर मारताना ती गळ्याभोवती अडकू शकते. ट्रॅक पँटवर लांब कुर्ता चालेल, टी-शर्टच हवा असं नाही. सामन्याआधी कुणीही आपल्या जागी दुसरीचं नाव देऊ शकते आणि कारण विचारलं जाणार नाही. मोबाइल टोपलीत. फोटो एकाच मॅडमनी काढायचे आणि मुलींना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. सामने बंद आवारात घ्यावेत असं काहींचं मत होतं. मुलींनीच नको म्हटलं. मला त्यांचं पटलं. मैदान सगळ्या कॉलेजचं आहे, लपून खेळायचं काही कारण नाही. मुलांना बघायची मुभा होती, दोघांना गुणफलकावर बसवलं होतं. टोपलीचा नियम त्यांनाही होता. पहिल्या बुधवारी दोघा-तिघांनी कुरकूर केली, नंतर कुणी काही म्हटलं नाही.

अडीचवाल्या विरुद्ध गावातल्या

खो-खोचा एक सामना सांगते. गावातल्या मुलींचा संघ तयारीचा, हॉस्टेलच्या दोघी रोज पळणाऱ्या. अडीचवाल्यांकडे जांबोटीची ती बी.कॉम.ची मुलगी. पहिल्या डावात तिचा संघ पाठलाग करत होता आणि समोरची धावपटू एकेरी साखळीत सगळ्यांना दमवत होती. बसलेल्या दोघींमधून एकदा आत, एकदा बाहेर, खांबापर्यंत आणि परत. पाठलागावरच्या मुली तिच्यामागे धावत होत्या, म्हणजे ती नेईल तिकडे जात होत्या. जांबोटीची मुलगी शेवटच्या चौकात, खांबाजवळ बसलेली. तिने मागे वळून पाहिलंही नाही. पाठीवर थाप आणि खो ऐकू आल्याबरोबर उठली, चार पावलं टाकली आणि धावपटू खांबाला वळसा घालते न घालते तोच सूर मारून तिच्या टाचेला हात लावला. कोपर खरचटलं, कुर्त्याला तांबडी माती. उठून पहिल्यांदा काय केलं असेल तर पंचांकडे बघितलं, गडी बाद दिला का म्हणून. दिला होता.

खो देणारी मुलगी कक्केरीकडची होती. दोघींचा सकाळचा सराव नेमका याच गोष्टीचा : धावपटू खांबाकडे निघाली की अलीकडेच खो द्यायचा, हाव धरून स्वतः पळायचं नाही. आठ ते पावणेनऊमधली तालीम अशी दिसते. तो सामना अडीचवाल्या थोडक्यात हरल्या, पण दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या स्टँडवर होत्या.

पाय मुरगळला त्या दिवशी

सगळं असं सरळ चाललं असतं तर हे प्रकरण लिहायला घेतलं नसतं. थ्रोबॉलच्या एका सामन्यात सव्वातीनच्या गाडीच्या एका मुलीचा पाय मुरगळला. थ्रोबॉलमध्ये झेल दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तीन सेकंदांत एका हाताने फेकायचा. मागे सरकत झेल घेताना तिचा पाय चुन्याच्या रेषेजवळच्या खड्ड्यात गेला. बर्फ लावला, दवाखान्यात नेलं, हाड मोडलेलं नाही म्हणून डॉक्टरांनी पट्टी बांधून सोडलं. तोवर गाडी गेली. एका सहकाऱ्यांनी स्कूटरवरून तिला गावात पोचवलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. आम्हाला वाटलं, पायाबद्दल बोलतील. पायाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ‘पोरगी कुणाच्या तरी गाडीवरून आली, गावानं बघितलं, आणि मला फोन नाही,’ एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. खाली बघून बोलत होते. सहकारी वयाने मोठे, सज्जन, मदतीला धावलेले, पण वडिलांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न खरा होता. चर्चेत कुणीतरी म्हणालं, ही जुनाट मानसिकता आहे. मला तसं म्हणणं सोपं आणि निरुपयोगी वाटतं. त्या माणसाने मुलीला खेळू नको असं म्हटलं नव्हतं. ती कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे, हे त्याला कळायला हवं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक खेळाडूच्या घरचा नंबर क्रीडा विभागात, आणि काहीही झालं तर पहिला फोन मॅडमनी करायचा, तोही गाडीची वेळ टळण्याआधी. दुसरं, कुणाला सोडायला जायचं झालं तर रिक्षा, बरोबर त्याच गाडीची एक मैत्रीण आणि एक शिक्षिका, खर्च जिमखान्यातून. जिमखान्याची वही उघडली तेव्हा पैसे बहुतेक बॅट, पॅड आणि चेंडूंवर जात होते असं दिसलं. रिक्षाभाड्याची तरतूद त्यातून निघाली, मैदानातला खड्डाही बुजला. ती मुलगी त्या सत्रात परत खेळली नाही. पुढच्या बुधवारी मात्र गुणलेखक म्हणून बसली.

अजून सुटलेलं नाही ते

वॉकओव्हर जवळपास थांबले. मुली येतात, हरतात, पुन्हा येतात. दोघी-तिघी विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात निवडल्या गेल्या, त्यांच्यात ती जांबोटीची मुलगी आहे. मला तेवढंच समाधान तळाच्या संघाचं वाटतं, जो एकही सामना न जिंकता शेवटच्या बुधवारपर्यंत पूर्ण संख्येने उतरला.

अंतिम सामना मात्र अवघड गेला. बक्षीस समारंभ पाहुण्यांच्या सोयीने चारला ठेवला गेला आणि ढाल घ्यायला अडीचवाल्यांची कप्तान हजर राहू शकली नाही. तिची ढाल गावातल्या एका मुलीने घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिच्या हातात दिली. समारंभाचं वेळापत्रक क्रीडा समितीच्या हातात नाही. पुढच्या वर्षी बक्षिसं मैदानावरच, सामना संपल्याबरोबर द्यावीत असा लेखी प्रस्ताव आम्ही दिला आहे. पाहुणे नसले तरी चालेल.

विज्ञान शाखेच्या मुली अजून बाहेरच आहेत. त्यांची प्रॅक्टिकल्स बुधवारी बाराला सुरू होतात आणि प्रयोगशाळा एकच असल्यामुळे तुकड्या हलवता येत नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी स्वतःहून विचारलं की सकाळी आठला अडीचवाल्यांबरोबर सराव केला तर चालेल का. सराव चालेल. त्यांना सामना कुठल्या वेळी द्यायचा, हे शनिवारचे भरून काढायचे तास बसवताना बघायचं आहे. विज्ञानाच्या विभागप्रमुखांनी महिन्यातला एक शनिवार सोडायची तयारी दाखवली आहे, आणि त्या दिवशी कुठल्या मार्गावर कितीला गाड्या सुटतात याची यादी मुलीच तयार करत आहेत.